वेकबोर्ड आणि वेकसर्फ: लहान मुलाला आधी काय शिकवायचं?

दोन्हींत बोट, बोर्ड आणि दोर असतो, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला दोन्ही खेळ एकच वाटतात. पण वेकबोर्डवर दोन्ही पाय बाइंडिंगमध्ये, म्हणजे बोर्डावर पक्क्या बसवलेल्या बुटांत, आवळलेले असतात आणि दोर शेवटपर्यंत हातात राहतो. वेकसर्फवर पाय मोकळे असतात आणि दोर फक्त उभं राहण्यापुरता. तोल सापडला की तो सोडून द्यायचा आणि बोटीने उठवलेल्या लाटेवर घसरत राहायचं.

अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या तळ्यांवर सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन गेलेले पालक बहुतेक वेगाचाच हिशेब करतात. मोठी माणसं वेकबोर्ड ताशी 20 ते 23 मैलांनी करतात, वेकसर्फ मात्र 10-11 मैलांनी. मग वेकसर्फ सोपं आणि सुरक्षित, असं ठरतं. पडताना लागण्यापुरतं ते खरंही आहे. पण हिशेबात अंतर धरलेलं नसतं. वेकबोर्ड करणारा बोटीपासून निदान 30 फूट मागे असतो. वेकसर्फ करणारा जेमतेम 5 ते 10 फुटांवर. आणि वेकबोर्डचा वेग मुलासाठी कमी करता येतो. पंधरा-वीस किलोचं पोर ताशी 11 ते 14 मैलांत, म्हणजे 18 ते 22 किलोमीटरला, आरामात पाण्यावर येतं.

म्हणून आधी बोट बघा, बोर्ड नंतर. आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह बोटींचा, बोट पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा बोटीच्या मागच्या टोकाबाहेर फिरतो. अशा बोटीमागे वेकसर्फ करायचं नाही, मोठ्यांनीही नाही. इनबोर्ड बोटीत पंखा तळाखाली, मागच्या टोकाच्या बराच आत असतो, म्हणून वेकसर्फ तिथेच. व्होल्व्हो पेंटाच्या फॉरवर्ड ड्राइव्हसारख्या पुढे तोंड केलेल्या पंख्याच्या बोटी या खेळासाठीच निघाल्या. वेकबोर्डला यातली कुठलीही बोट चालते. मित्राची बोट साधी स्टर्नड्राइव्ह असेल, तर प्रश्न तिथेच निकाली निघतो.

दुसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नसतो: इंजिनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. वेकसर्फला बोट हळू चालते, मागे वजन भरलेलं असतं, पुढचं टोक वर उचललेलं असतं. धूर मागेच घुटमळतो. लहान मुलाला तो लवकर बाधतो आणि डोकेदुखी, मळमळ सुरू झाली की घरचे म्हणतात, बोट लागली असेल. चालू इंजिनच्या बोटीत मुलाला मागच्या फळीवर पाय सोडून बसू देऊ नका, मग खेळ कुठलाही असो.

आता खुद्द शिकवणं. सुरुवात वेकबोर्डने करावी, असं आमचं मत. कारण त्यात जवळजवळ सगळं काही मुलासाठी लहान करता येतं. बोर्ड वजनावरून घ्या; साधारण 110 ते 125 सेंटिमीटरचा. बाइंडिंग पायाची बोटं उघडी ठेवणारी, म्हणजे दोन-तीन उन्हाळे पुरतात. पण मोठ्या भावाची सैल बाइंडिंग नको. पडताना एक पाय सुटतो, दुसरा अडकतो आणि गुडघा पिळतो. दोन्ही पाय राहावेत किंवा दोन्ही सुटावेत.

पहिला अर्धा तास गवतावर घालवा. मुलाच्या पाठीवर हलकेच ढकला. सावरायला जो पाय पुढे पडतो, तो बहुधा पुढचा. मग त्याला बोर्डावर उकिडवं बसवून हातात दोराचं हँडल द्या आणि दुसरं टोक तुम्ही ओढा. गुडघे छातीशी, हात सरळ, टाचा ढुंगणाजवळ. ओढ लागली की तुमच्या ओढीनेच त्याला उठू द्या.

पाण्यातही हेच. मूल पाठीवर तरंगतं, बोर्ड दोराला आडवा, हात गुडघ्यांच्या बाहेरून. चालकाने आधी अगदी सावकाश दोराचा ढिलेपणा काढायचा, मग वेग हळूहळू वाढवायचा. मोठ्या माणसासारखा झटका दिला तर हँडल हातातून निसटतं. मुलं चुकतात ती दोन ठिकाणी. एक, घाईने पाय सरळ करतात. बोर्ड पाण्याला भिंतीसारखा आडवा राहतो आणि पोर तोंडावर आपटतं. दोन, हँडल छातीकडे ओढतात; दोर ढिला पडतो, वजन मागे जातं आणि बोर्ड बुडतो. दोन्हींवर उपाय एकच: बसून राहा, बोटीला काम करू दे. बोर्ड पाण्यावर आला की पुढचा पाय बोटीकडे वळवायचा आणि मगच उभं राहायचं.

बूम मिळाला तर फारच उत्तम. हा बोटीच्या बाजूला आडवा काढलेला मजबूत दांडा. त्याला पाच-दहा फुटांचा दोर बांधला की मूल लाटेच्या बाहेर, सपाट पाण्यात राहतं आणि बोटीतून सांगितलेलं त्याला ऐकू येतं. बूम नसेल तर 30 ते 45 फुटांचा, न ताणणारा दोर टॉवरला, म्हणजे बोटीवरच्या उंच कमानीला, बांधा. वरून मिळणारी ओढ हलक्या मुलाला उचलते. बोट जड करायला पाणी भरतात त्या वजनाच्या टाक्या रिकाम्या ठेवा. इथे लाट जितकी लहान, तितकं बरं. वेकसर्फला नेमकं उलट: टाक्या भरून एका बाजूला मोठी, स्वच्छ लाट उठवावी लागते.

त्या लाटेमुळे किनारेही झिजतात. व्हरमाँट राज्याने 2024 मध्ये अशा लाटांसाठी किनाऱ्यापासून 500 फूट अंतर आणि 20 फूट खोली असा नियम केला. आपल्या तळ्याचा नियम आधी वाचावा.

वेकसर्फकडे मूल वळवायचं ते वेकबोर्डवर सरावलं की. डावा पाय पुढे असेल तर लाट बोटीच्या डाव्या बाजूची, उजवा असेल तर उजवीकडची. बोर्ड मऊ फोमचा घ्या, कारण पडल्यावर तो मोकळा सुटतो आणि अंगावर येऊ शकतो. पुढच्या पायावर भार म्हणजे वेग, मागच्यावर म्हणजे ब्रेक. हलकं पोर लाटेवर चटकन पुढे सरकतं, थेट बोटीच्या फळीकडे. म्हणून ब्रेक आधी शिकवा. सोडलेला दोर बोटीतल्या माणसाने लगेच आत ओढून घ्यायचा. तो कधीही हाताला गुंडाळायचा नाही.

लाइफ जॅकेट दोन्हींना एकच, आणि तिथेही एक गफलत होते. इम्पॅक्ट व्हेस्ट दिसतो जॅकेटसारखा, पण तो मार झेलण्यासाठी असतो, बेशुद्ध मुलाला तरंगवायला पुरत नाही. अमेरिकेत कोस्ट गार्डच्या मान्यतेचं लेबल आत शिवलेलं असेल तेच घ्या. मुलाच्या वजनाचा आकडा तिथेच छापलेला असतो. घातल्यावर खांद्याला धरून वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर ते मोठं आहे. फुगवायचं जॅकेट या खेळांना चालत नाही.

बोटीत चालकाखेरीज दुसरा माणूस हवाच, आणि त्याची नजर फक्त मुलावर. मूल पडलं की बोट वळवून चालकाच्या बाजूने, दिसत राहील असं त्याच्याजवळ न्यायची. ते शिडीला हात लावण्याआधी इंजिन पूर्ण बंद करायचं, नुसतं न्यूट्रलवर टाकून चालत नाही.