कॅडमधले कमी माहितीतले शॉर्टकट

कॅड म्हणजे संगणकावर तांत्रिक ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर. त्यात मेनू न शोधता कीबोर्डवरून थेट कमांड देणं, किंवा चालू कमांडच्या मध्येच एखादी की दाबून तिचं वागणं बदलणं, या दोन्हीला शॉर्टकटच म्हणतात. पहिल्या प्रकारचे सगळ्यांना येतात. एल म्हणजे लाइन, एम म्हणजे मूव्ह, ओ म्हणजे ऑफसेट (ठरावीक अंतरावर समांतर रेघ), हे पहिल्या आठवड्यातच बोटात बसतं. दुसऱ्या प्रकारचे मात्र वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही माहीत नसतात, आणि माझ्या मते खरा वेळ तिथेच वाचतो, कारण कमांड सुरू करायला कितीसा वेळ लागतो, वेळ जातो तो मधे अडकल्यावर एस्केप मारून परत पहिल्यापासून सुरू करण्यात.

एक हात ड्रॉइंगवर आणि दुसरा बटणांवर ही पद्धत कॅडइतकीच जुनी आहे. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीत स्केचपॅड दाखवलं, त्यात पडद्यावर लाइट पेन चालायचं आणि काय करायचं ते बाजूच्या बटणांवरून सांगायचं. ऑटोकॅड डिसेंबर १९८२ मध्ये आलं. त्याच्या कमांड नाव टाइप करून द्यायच्या असायच्या, रिबन (वरची बटणांची पट्टी) तर ऑटोकॅड २००९ मध्ये आली, त्यामुळे आजही कमांड लाइन हाच त्याचा कणा आहे. खाली ती एक ओळ काहीतरी विचारत असते आणि बरेच जण ती वाचतच नाहीत, ती वाचायची सवय लागली की निम्मे शॉर्टकट आपोआप सापडतात.

ऑटोकॅडमधला मला सगळ्यात आवडणारा म्हणजे एम२पी, दोन बिंदूंच्या बरोबर मधला बिंदू. समजा खोलीच्या मध्यावर दिव्याचं चिन्ह ठेवायचंय, तर बहुतेक जण एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी रेघ मारतात, तिचा मिडपॉइंट पकडतात, मग ती रेघ पुसतात, आणि दहातल्या दोन वेळा पुसायला विसरतात, ती प्रिंटमध्ये येते. त्याऐवजी कमांड बिंदू विचारत असताना एम२पी टाइप करून एंटर मारायचं, एक कोपरा क्लिक, समोरचा कोपरा क्लिक, झालं. तसंच फ्रॉम. कोपऱ्यापासून ६०० वर खिडकी सुरू करायची असेल तर फ्रॉम, कोपऱ्यावर क्लिक, मग @६००,०. इथे @ विसरलात तर तो आकडा मूळ शून्यापासून मोजला जातो आणि खिडकी भलतीकडेच जाऊन पडते. शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की ओस्नॅपचा (रेघेचं टोक, मध्य असे नेमके बिंदू पकडायची सोय) छोटा मेनू येतो, त्यात हे दोन्ही आहेत, म्हणजे पाठ नसलं तरी चालतं.

शिफ्ट ही एकटी की तर फारच कामाची आहे. ट्रिम (रेघ कापणं) चालू असताना शिफ्ट धरली की तेच एक्स्टेंड (रेघ वाढवणं) होतं, रेघ कमी पडली म्हणून कमांड बदलायची गरज नाही. फिलेटमध्ये (दोन रेघांचा कोपरा गोल करणं) दुसरी रेघ निवडताना शिफ्ट धरली तर रेडियस काहीही सेट असो, कोपरा टोकदार जुळतो. (दोन समांतर रेघांना फिलेट दिलं तर टोकाला अर्धगोल येतो, स्लॉट काढायला यासारखं सोपं काही नाही.) रेघ काढताना शिफ्ट धरली की ऑर्थो (फक्त आडव्या-उभ्या रेघा काढू देणारी सोय) तेवढ्यापुरतं उलटतं, म्हणजे एफ८ सारखं चालू बंद करत बसायला नको. चुकून जास्त वस्तू सिलेक्ट झाल्या तर शिफ्ट धरून क्लिक केलं की तेवढीच गळते.

स्केलमधला रेफरन्स हा पर्याय नीट सांगायला हवा कारण यावर लोक अक्षरशः कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. कुठूनतरी आलेला प्लॅन ड्रॉइंगमध्ये टाकला, दरवाजा ९०० चा हवा आणि मोजल्यावर ३७.४ दिसतोय. ९०० भागिले ३७.४ करत बसायचं नाही. स्केल द्या, सगळं सिलेक्ट करा, बेस पॉइंट म्हणून दरवाजाचं एक टोक, मग आर एंटर, आता तेच टोक आणि दुसरं टोक क्लिक करा, आणि ९०० टाइप करा. भागाकारात दशांश गोल केल्याने येणारी किंचित चूकही येत नाही, जी लांब भिंतीवर बरोबर पकडली जाते. रोटेटमध्येही हाच आर आहे, तिरपा प्लॅन सरळ करायला कोन मोजावाच लागत नाही.

कॉपी पेस्टचं सांगायचं तर कंट्रोल+शिफ्ट+सी बेस पॉइंट विचारून कॉपी करतं, त्यामुळे दुसऱ्या फाइलमध्ये पेस्ट करताना वस्तू कर्सरपासून कुठेतरी लांब लटकत नाही, आणि कंट्रोल+शिफ्ट+व्ही तेच सगळं ब्लॉक म्हणून, म्हणजे एकच वस्तू करून, पेस्ट करतं. ऊप्स नावाची कमांड शेवटचं इरेज केलेलं तेवढंच परत आणते, त्यानंतर केलेलं काम अनडू न करता. ग्रिप (सिलेक्ट केलेल्या वस्तूवर दिसणारा छोटा चौकोन) क्लिक करून लाल झाल्यावर स्पेस दाबत गेलं की स्ट्रेच, मूव्ह, रोटेट, स्केल, मिरर असं एकामागून एक बदलत जातं. ओव्हरकिल एकावर एक बसलेल्या डबल रेघा काढते, बाहेरून आलेल्या फाइलवर ही आधी चालवावीच.

काही वेळा शॉर्टकट नाही तर सेटिंग बिघडलेलं असतं आणि माणूस हैराण होतो. दुसरी वस्तू सिलेक्ट केली की पहिली सुटते? पिकॲड नावाचं सेटिंग ० झालंय, ते नाव टाइप करून २ करा, प्रॉपर्टीज पॅलेटच्या वर त्याचं छोटं बटण आहे, ते नकळत दाबलं जातं. ओपन दिल्यावर खिडकीच उघडत नाही, फक्त कमांड लाइनवर फाइलचं नाव मागतंय? फाइलडिया हे सेटिंग १ करा, एखादी लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) अर्धवट थांबली की हे ० वर राहून जातं. एवढ्यासाठी लोक सॉफ्टवेअर काढून परत टाकतात, वाईट वाटतं.

बाकीच्या सॉफ्टवेअरमध्येही असं आहेच. स्केचअपमध्ये मूव्ह करताना कंट्रोलने कॉपी घेऊन अंतर दिलं आणि लगेच ५एक्स टाइप केलं तर तेवढ्याच अंतराने पाच कॉपी होतात, /५ दिलं तर त्या अंतराचे पाच भाग करून कॉपी बसतात, जिन्याच्या पायऱ्या किंवा रेलिंगचे खांब यासाठी हेच वापरायचं. उजवा बाण लाल अक्ष, डावा हिरवा, वरचा निळा लॉक करतो. सॉलिडवर्क्समध्ये एस दाबला की कर्सरजवळच टूल्सची पट्टी येते, स्केचमध्ये रेघ काढताना ए दाबलं की तीच आर्क होते. असेंब्लीत भागावर कर्सर नेऊन टॅब दाबलं की तो लपतो, शिफ्ट+टॅबने परत येतो. कंट्रोल+बी फक्त बदललेलं रिबिल्ड करतं आणि कंट्रोल+क्यू सगळंच पहिल्यापासून, न समजणारी एरर आली की आधी हे दुसरं करून बघावं. रेव्हिटमध्ये एका भिंतीवर कर्सर ठेवून टॅब दाबलं तर जोडलेल्या भिंतींची अख्खी साखळी उजळते, मग क्लिक.

ऑटोकॅडचे शॉर्टकट स्वतःचे करायचे असतील तर ते अकॅड डॉट पीजीपी या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात. ओळ अशी: आधी शॉर्टकट, मग स्वल्पविराम, मग चांदणी आणि कमांडचं नाव. सी मुळात सर्कलला दिलेलं आहे, पण कॉपी कितीतरी जास्त लागते म्हणून बरेच जण सी कॉपीला देतात, ते मला पटतं. जुनी ओळ खोडायची गरज नाही, एकच शॉर्टकट दोनदा असेल तर खालची ओळ धरली जाते, म्हणून आपले सगळे शॉर्टकट फाइलच्या तळाशी लिहायचे, सेव्ह करायचं आणि रीइनिट चालवून पीजीपीच्या चौकटीवर टिक करायची, ऑटोकॅड बंद करून उघडावं लागत नाही.