दहा पौंडांचे घर: आल्फ्रिस्टनच्या क्लर्जी हाउसची पार्श्वभूमी

इंग्लंडमधील ईस्ट ससेक्स परगण्यात ककमीर नदीकाठी आल्फ्रिस्टन हे गाव आहे. तिथल्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी एक गवताने शाकारलेले घर उभे आहे. चौदाव्या शतकातले हे घर पुढे पाद्र्यांचे निवासस्थान, म्हणजेच ‘क्लर्जी हाउस’ झाले, पण त्याची बांधणी आग्नेय इंग्लंडमधल्या सधन शेतकऱ्यांच्या घरांसारखीच आहे. या धाटणीला ‘वील्डन’ म्हणतात.

अशा घरात मधोमध थेट आढ्यापर्यंत उघडा दिवाणखाना असतो आणि दोन्ही टोकांना दुमजली खण. टोकांचे वरचे मजले भिंतीच्या पुढे झुकलेले असतात, पण छप्पर मात्र सलग एकच. त्यामुळे मधला भाग आत गेल्यासारखा दिसतो आणि तिथली पुढे आलेली वळचण वाकड्या तिरक्या लाकडांवर तोललेली असते. सारा भार ओकच्या सांगाड्यावर. भिंती म्हणजे निव्वळ कूड, कामट्यांवर मातीचा गिलावा. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचे टोक बसवायचे आणि वरून ओकचीच खुंटी ठोकायची. लाकूड ओले असतानाच घडवत, मग सुकताना सांधे आणखी आवळत. माझ्या मते या घराचे खरे सौंदर्य या सुतारकामातच आहे. धुराडी येण्यापूर्वी अशा दिवाणखान्यात मधोमध जमिनीवरच आगटी पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. इथली जमीनही पाहण्यासारखी आहे: खडूचा दगड कुटून केलेली आणि आंबट दुधाने घोटलेली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घर मोडकळीला आले आणि पाडायची भाषा सुरू झाली. गावचे व्हिकार (चर्चचे पाद्री) एफ. डब्ल्यू. बेनन यांनी ते वाचवायचे मनावर घेतले. जुन्या इमारती जपण्यासाठी १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांच्या पुढाकाराने निघालेल्या संस्थेकडे ते गेले. पुढे विषय ऐतिहासिक वास्तू आणि निसर्गस्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आला. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली यांनी स्थापलेला हा न्यास तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. १८९६ मध्ये त्याने हे घर दहा पौंडांना घेतले. ट्रस्टच्या मालकीची ही पहिली इमारत. पहिली निवड राजवाड्याची किंवा गढीची नव्हे, तर एका साध्या घराची झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

किंमत नाममात्र असली, तरी डागडुजीला त्याच्या कितीतरी पट पैसा लागणार होता. त्यासाठी लोकांकडे मदत मागावी लागली. दुरुस्तीचे काम वास्तुविशारद आल्फ्रेड पॉवेल यांनी पाहिले.