कासची फुलं सात वर्षांतून एकदाच?

"कासला फुलं सात वर्षांतून एकदाच, यंदा चुकली तर गेली" हा साताऱ्याजवळच्या कास पठाराबद्दलचा फॉरवर्ड दर पावसाळ्यात येतोच. तसं नाहीये. सात वर्षांची गोष्ट खरी आहे पण ती टोपली कारवी या झुडपाची, ते कितीतरी वर्षं नुसतं पानांवर असतं आणि मग एकदम जांभळं फुलतं. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं दरवर्षीची, बेसाल्ट खडकावरच्या जांभा दगडावर माती एवढी पातळ की ओल आहे तोवर सगळं उरकायचं, म्हणून ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात.

चेक करायचंय? ओळखीच्यांकडून वेगवेगळ्या वर्षांचे सप्टेंबरचे फोटो तारखेसकट मागवा. तेरडा-सोनकी जवळपास सगळ्यांत दिसेल, फुललेली कारवी मोजक्याच. नुसत्या रंगावर जाऊ नका, सीतेची आसवंपण निळी-जांभळीच असतात, फक्त इवलीशी. कारवीचं झुडूप उपड्या टोपलीसारखं गोल.