अक्रोटिरीत माणसं का सापडली नाहीत?

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाच्या जुन्या बंदरावरून वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला ५८८ पायऱ्या चढाव्या लागतात. येणाऱ्यांची नजर खाली निळ्या पाण्यावर असते, नाहीतर वर पांढऱ्या घरांवर. पाहण्यासारखा आहे तो मधला कडा. काळ्या लाव्ह्याचे, तांबूस राखेचे पट्टे एकावर एक बसलेले, आणि सगळ्यात वर एक जाड, फिकट थर. टाचा घासायला आपण जो हलका, भोकाभोकांचा दगड वापरतो, तो प्युमिस इथे गावाखाली मीटरच्या मीटर साचलेला आहे.

हा थर ज्वालामुखीच्या एकाच उद्रेकाचा. आफ्रिकेचा भूपट्ट एजियन समुद्राच्या खाली सरकतो आहे. तिथे तयार होणारा मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, घट्ट आणि वायूंनी भरलेला असतो. दाब सुटला की सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो आणि त्या फेसाचाच दगड होतो. इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपास इतका मॅग्मा बाहेर पडला की आधार गेलेला बेटाचा मधला भाग खचला. आज तिथे सुमारे ११ किलोमीटर लांब आणि ७ किलोमीटर रुंद समुद्र आहे.

नेमकं साल कोणतं, यावर वाद आहे. राखेत उभ्याउभ्या गाडल्या गेलेल्या ऑलिव्हच्या झाडाची एक फांदी सापडली. तिच्या वाढीची वलयं आणि किरणोत्सारी कार्बन यांवरून २००६ साली इ.स.पू. १६२७ ते १६०० हा काळ काढण्यात आला. इजिप्तच्या कालक्रमाशी मेळ घालणारे पुरातत्त्वज्ञ मात्र उद्रेक त्यानंतर बराच उशिरा झाला असं मानत आले आहेत.

बेटाच्या दक्षिण टोकाला याच राखेखाली अक्रोटिरी हे गाव निघालं. ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनाटोस यांनी १९६७ मध्ये तिथे उत्खनन सुरू केलं. दोन-तीन मजली घरं, सांडपाण्याची गटारं, भिंतींवर रंगीत चित्रं. एका भिंतीवर निळी माकडं आहेत. शेपटी वर उचलून वळवण्याची त्यांची ढब पाहून काही वानरतज्ज्ञांनी ती आपल्याकडची वानरं, म्हणजे लंगूर असल्याचं २०२० साली मांडलं. तसं असेल तर सिंधूच्या बाजूचा प्राणी, निदान त्याची ओळख, तेव्हा एजियनपर्यंत पोचली होती. मला हे चित्र फार जवळचं वाटतं.

सगळं सापडलं, पण माणसांचे सांगाडे नाहीत. उत्तर ढिगाऱ्यात आहे. आधी मोठा भूकंप झाला, घरं पडली. लोक परतले, दगडमाती बाजूला सारून वाटा मोकळ्या केल्या. उघड्यावर पलंग एकावर एक रचून ठेवलेले होते. लाकूड कुजून गेलं, पण राखेत त्याची पोकळी राहिली आणि तिच्यात प्लास्टर ओतल्यावर पलंग पुन्हा दिसला. एका घरात रंगकाम चालू होतं, रंगाचं भांडं तसंच राहिलं. मग बारीक राखेचा जेमतेम काही सेंटिमीटरचा थर पडला. मुख्य उद्रेकाआधीची ती सूचना. दागदागिने, मौल्यवान चीजवस्तू उचलून लोक निघून गेले, धान्याचे रांजण तेवढे मागे राहिले. ही माणसं बोटींनी पार पोचली की बेटावरच कुठे राखेखाली अडकली, हे अजून उलगडलेलं नाही.

ज्वालामुखी आजही जिवंत आहे. खाडीच्या मधोमध नेआ कामेनी हे काळं बेट १७०७ पासून लाव्ह्यानेच वाढलं, शेवटचा उद्रेक १९५० सालचा. पर्यटक तिथे उतरून गरम वाफा पाहून येतात. २०२५ च्या जानेवारीअखेर जमीन पुन्हा थरथरू लागली. हजारो धक्के बसले, सगळ्यात मोठा ५.३ रिश्टरचा. खाली मॅग्मा सरकत होता, हे पुढे अभ्यासातून दिसलं. उद्रेक झाला नाही. पण त्या फेब्रुवारीत शाळांना कुलपं लागली आणि दहा हजारांहून जास्त माणसं बोटींनी, विमानांनी बेट सोडून गेली.