खुर्ची घेण्याआधी जरा बसून पाहा

सोलापुरात आमच्या दुकानात खुर्ची बघायला येणारी माणसं आधी पाठ धरून हलवून बघतात, मग भाव विचारतात आणि सगळ्यात शेवटी बसतात. काहीजण तर बसतच नाहीत. साडी घेताना तीन दुकानं पालथी घालणारी आपण माणसं खुर्चीच्या बाबतीत इतकी घाई का करतो, कळत नाही. खुर्ची दहा-पंधरा वर्षं घरात राहते. म्हणून हा कागद. घरी नेऊन सावकाश वाचा आणि मग या.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो. "एवढ्या कमी भावात परवडते कशी? माल हलका लावता का?" माल हलका लावत नाही. भाव आम्ही कागदावर उतरवतो, खुर्चीचं चित्र काढतानाच. कसा ते सांगतो.

प्लायची शीट आठ बाय चारची येते, म्हणजे ९६ इंच लांब आणि ४८ इंच रुंद. बैठक १७ इंची चौरस धरली तर लांबीत पाच आणि रुंदीत दोन बसतात, दहाच बैठका. उरलेल्या पट्ट्यांतून पाठी निघतात, पण बराच माल कोपऱ्यात पडून राहतो. तीच बैठक पावणेसोळा इंची केली की लांबीत सहा, रुंदीत तीन. एका शीटमध्ये अठरा. सव्वा इंच कमी केलं आणि आठ बैठका जास्त मिळाल्या! मग सरळ सोळाच का नाही, असं एका मास्तरांनी विचारलं होतं. सोळा सक शहाण्णव, पाढा बरोबर आहे. पण करवतीचं पातं प्रत्येक कापाला तीनेक मिलिमीटर लाकूड खातं, त्यामुळे शेवटची बैठक बारकी निघते. पाढ्यात पातं धरलेलं नसतं.

पाइपचंही तसंच. एक इंची चौकोनी पाइप २० फुटी येतो, म्हणजे २४० इंच. आमच्या साध्या खुर्चीला १७८ इंच लागतो. उरलेल्या तुकड्यातून १८ इंचांचे तीन पाय निघतात. आमचं तीन पायांचं स्टूल असं जन्माला आलं, कुणी बसून डिझाइन केलेलं नाही. पण त्याचा एक गुण नंतर कळला. जुन्या वाड्यांत, पेठांतल्या घरांत शहाबादी फरशी असते, वर-खाली झालेली. तिच्यावर चार पायांचं काहीही ठेवा, डुगडुगतं. तीन पाय कसल्याही जमिनीवर टेकतात. मात्र त्या स्टुलावर उभं राहून पंखा पुसू नका. दोन पायांच्या मधल्या बाजूला झुकलात तर ते कलंडतं. चढायचं असेल तर चार पायांचं घ्या.

आता उंचीबद्दल, कारण सगळ्यात जास्त तक्रारी इथेच असतात.

सुरुवातीला आम्हीही बाजारात असते तशी १८ इंच उंचीची खुर्ची करत होतो. एकदा एक मावशी सुनेबरोबर आल्या. बसल्या, पदर सारखा केला, पाय हलवून बघितले आणि म्हणाल्या, "बरी हाय ओ खुर्ची, पण टाच टेकंना की." खाली वाकून बघितलं तर खरंच, चपलेची पुढची बाजू टेकलेली आणि टाच बोटभर वर. अशी खुर्ची मांडीला खालून कापते, वीस मिनिटांत पायाला मुंग्या येतात, आणि माणूस नकळत पुढे सरकून काठावर बसतो. मग पाठ असून नसल्यासारखी. त्या दिवशी एक इंच कमी केला. आता पुढचा पाय १६ इंचांचा, त्यावर १८ मिलिमीटरची प्लाय आणि खाली रबरी बूट, मिळून जवळजवळ १७ इंच.

पण म्हणून १७ इंच सगळ्यांना चालतं असं नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सखल खुर्चीतून उठणं म्हणजे शिक्षा. त्यांच्यासाठी १९ इंचांची, दोन्ही बाजूंना हात असलेली वेगळी खुर्ची आहे. हातांवर जोर देऊन उठता आलं पाहिजे, म्हणून ते हात बैठकीच्या पुढच्या काठापर्यंत आणलेत. घरात आजी-आजोबा असतील तर एक तरी तशी घ्या. सहाच्या सहा एकसारख्याच हव्यात हा हट्ट सोडला तर सगळ्यांची सोय होते.

माप घरीच घेता येतं. चप्पल घालून, मांडी जमिनीला समांतर ठेवून बसा आणि गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. त्यातून अर्धा इंच वजा करा. जेवणाचं टेबल असेल तर त्याचीही उंची आणा. बैठक आणि टेबल यांत अकरा-बारा इंच अंतर हवं. टेबल एका दुकानातून आणि खुर्च्या दुसऱ्या दुकानातून घेतल्या की इथेच घोळ होतो. खांदे वर चढवून जेवणारी माणसं आम्ही पाहिली आहेत.

पाठीला दहा अंशांचा उतार आहे आणि बैठक मागे अर्धा इंच खाली. बसल्यावर हे जाणवत नाही, जाणवू नयेच.

गेज म्हणजे काय

लोखंडी फर्निचरच्या दुकानात गेज, म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा, हा शब्द कानावर पडतो. गंमत अशी की आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर, २० गेज म्हणजे जेमतेम ०.९. बाहेरून दोन्ही पाइप एकसारखेच दिसतात, रंग चढला की ओळखणं आणखी अवघड. ओळखायचं वजनावर. एक इंची चौकोनी १६ गेज पाइप मीटरला सुमारे १.२ किलो भरतो, २० गेजचा ०.७ च्या आत. खुर्चीला साडेचार मीटर पाइप लागतो, म्हणजे फरक दोन किलोंचा. आमची खुर्ची पावणेआठ किलोची आहे. वजनकाटा दुकानातच ठेवलाय, स्वतः मोजून बघा.

पाइप जाड असूनही खुर्ची मोडते ती सांध्यात. वेल्डिंगचे नुसते टाके मारून वर लांबी (फटी बुजवायचा लगदा) भरली आणि रंग दिला की सांधा छान गुळगुळीत दिसतो. खुर्ची उलटी करा. आतल्या बाजूने पूर्ण शिवण दिसते का ते बघा. पायाचं तोंडही बघा. पाइप खालून उघडा ठेवून नुसता रबरी बूट चढवलेला असेल, तर फरशी पुसताना पाणी आत जातं आणि पाय आतून गंजतो, बाहेर पावडर कोटिंग (भट्टीत भाजलेला पावडरीचा रंग) चकचकीत असताना. आम्ही आधी लोखंडी तुकडा लावून तोंड बंद करतो, मगच बूट.

तिसऱ्या मजल्यावर जायचंय

जुळे सोलापूरला एका गिऱ्हाइकाच्या जिन्यात आमचा सोफा अडकला होता. अर्धा तास वरही जाईना, खालीही येईना. शेजारच्यांनी चहा दिला, ती गोष्ट वेगळी. तेव्हापासून सगळं सुटं होईल असंच करतो. खुर्चीच्या दोन बाजू वेल्ड केलेल्या आणि मधल्या चार आडव्या पट्ट्या आठ बोल्टांवर. सहा खुर्च्यांचा गठ्ठा रिक्षाच्या मागच्या सीटवर मावतो.

ही अक्कल आमची नव्हे. १८५९ साली मिशाएल टोनेट यांनी व्हिएन्नात वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाची एक खुर्ची काढली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटी केली की एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या. कॅफेत दिसणारी गोल बैठकीची, वाकवलेल्या पाठीची ती काळी खुर्ची हीच. स्वस्त आणि देखणी या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे दीडशे वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

दुसरी एक खुर्ची लोक मोबाइलवर दाखवायला आणतात. उलट्या व्हीसारखे पाय, वेताची बैठक. १९५० च्या दशकात चंदीगड उभं राहताना वास्तुविशारद पिएर जॅनरे यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या खुर्च्यांपैकी ती. पुढे कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या आणि परदेशातल्या लिलावात त्यांना लाखांनी भाव आला. तशी सागाची करून मागू नका, तिचा भाव ऐकून तुम्ही उठून जाल. पण तिच्या पायांतला त्रिकोण मजबूत असतो. तो आम्ही बाकड्यात वापरलाय.

विडीकाम करणाऱ्यांसाठी बैठक

हिला पाय नाहीत. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि अशी ती तासन्‌तास मांडी घालून बसते. तिला खुर्ची देऊन उपयोग नाही, तिला जमिनीवरच बसायचं असतं. टेकायला भिंत असते, पण उजेड दारात असतो. एका मुलीने आईसाठी काहीतरी करा म्हणून गळ घातली, त्यातून ही बैठक झाली. मांडी मावावी म्हणून २० इंच रुंद, जमिनीपासून दीड इंच वर, पाठ १४ इंच. हात मुद्दाम लावले नाहीत, कारण कोपर आपटतं. पहिली केली ती टेकताच मागे उलटली! मग खालच्या पट्ट्या मागे सहा इंच लांबवल्या. आता रेलून बसलं तरी हलत नाही. पोथी वाचणारे आणि लॅपटॉपवाले कॉलेजकुमारही ती नेतात. कुंभारीच्या विडी कामगार घरकुलांपर्यंत पोच फुकट.

बैठक कशाची घ्यावी

नुसती प्लाय सगळ्यात स्वस्त आणि पुसायला सोपी. मे महिन्यात तिच्यावर पाठ-मांड्या घामाने चिकटतात, हे लपवून काय करायचं. सोलापूरच्या उन्हाळ्याला नवार चांगली. सुती पट्टी उभी-आडवी विणलेली, हवा खेळती राहते. ती सहा-आठ महिन्यांत सैल पडणारच. टोकं बैठकीखाली पट्टीत दाबलेली आहेत. चार स्क्रू सोडा, ओढा, पुन्हा दाबा. आजोबा घरात असतील तर त्यांना बाजेची नवार ओढायची सवय असेलच.

गादी हवी असेल तर अभ्रा सोलापुरी चादरीचा शिवून देतो. गावात चादर विणली जात असताना बाहेरून रेक्झिन का आणायचं? चादर सुती असल्याने पहिल्या धुण्यात आटते, म्हणून आधी धुऊन मगच कापतो. आतला फोम ४० डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला ४० किलो भरणारा. त्याहून हलका फोम पहिल्या दिवशी मऊ लागतो, वर्षभरात त्याची पुरणपोळी होते.

लाकडाच्या खुर्च्या थोड्याच करतो आणि त्याला कारण आहे. पहिल्या वर्षी पावसाळ्यात घेतलेल्या बाभळीच्या फळ्या नीट न वाळवता वापरल्या. मे उजाडला आणि गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले, रात्री टक्क असा आवाज येतो म्हणून. बैठका तडकल्या होत्या. लाकूड लांबीत फारसं आटत नाही, रुंदीत आटतं, आणि आम्ही फळ्या दोन्ही कडांना घट्ट पिळून ठेवल्या होत्या. सगळ्या बदलून दिल्या. आता लाकूड वर्षभर वाळतं आणि स्क्रूची भोकं लांबट असतात, फळीला हलायला जागा राहावी म्हणून.

रंग चार आहेत. पाचवा हवा असेल तर किमान वीस खुर्च्या घ्याव्या लागतील, पावडरचा डबा एका खुर्चीसाठी फोडता येत नाही.

दर वेगळ्या कागदावर आहेत, कारण लोखंडाचा भाव हलतो. सांध्याची हमी पाच वर्षं. नवार, फोम आणि रबरी बुटांची हमी नाही, बूट मात्र केव्हाही येऊन फुकट न्या. अंगाने भरलेल्या माणसाला पावणेसोळा इंची बैठक अपुरी पडते. १८ इंची करून देतो, ती महाग पडते, का ते वर सांगितलंच आहे. गच्चीवर ठेवायला आमची खुर्ची नेऊ नका, उन्हा-पावसात प्लाय टिकणार नाही.

ऑर्डर दिल्यापासून आठ दिवस लागतात. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांत मात्र पंधरा धरा, निम्मी पोरं यात्रेत असतात. बोल्ट आवळायची एल-की बैठकीखाली चिकटवलेली सापडेल. महिन्याने आठही बोल्ट एकदा आवळून घ्या आणि की परत तिथेच लावा, नाहीतर ती स्क्रू-ड्रायव्हरच्या डब्यात जाते आणि मग तुम्ही आम्हाला फोन करता.