इसबावर तेल-तूप

अ‍ॅटोपिक डर्मटायटिस म्हणजे अ‍ॅलर्जीकडे झुकणारा इसब, आणि त्यातली खाज नि कोरडेपणा कमी व्हावा म्हणून तेल, तूप, व्हॅसलीन असं काहीतरी अंगाला लावायचं किंवा तेल-तूप पोटात घ्यायचं ही पद्धत बरीच जुनी आहे. दोन्हींचा रिझल्ट मात्र सारखा नाही. लावण्याचा उपयोग होतो, पण कुठलं तेल यावर सगळं अवलंबून, आणि खाण्यावर जेवढा पैसा गेलाय तेवढं हाताला लागलेलं नाही.

खाण्याची गोष्ट सुरू होते १९२९ साली. अमेरिकेतल्या मिनेसोटात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना फॅट अजिबात नसलेलं खाणं दिलं तर त्यांची कातडी खवल्यासारखी झाली, आणि तेलांत असणारं लिनोलिक अ‍ॅसिड दिल्यावर सुधारली. हेच अ‍ॅसिड त्वचेच्या वरच्या थरातल्या सेरामाइड नावाच्या चरबीमधे लागतं आणि त्या थरामुळे ओलावा आत टिकतो. पुढे थिअरी आली की इसबाच्या पेशंटमधे लिनोलिकचं शरीरात पुढे गॅमा-लिनोलेनिक अ‍ॅसिड होण्याची पायरी अडते, म्हणून ते आयतंच द्या, आणि मग ते ज्यात असतं त्या इव्हिनिंग प्रिमरोज या फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या कॅप्सूल धडाधड खपल्या. ब्रिटनमधे तर ते औषध म्हणून मिळायचं, २००२ मधे लायसन्स काढून घेतलं. कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या रिव्ह्यूत अशा तेलांच्या २७ ट्रायल एकत्र पाहिल्या तरी प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, जास्त फायदा दिसला नाही. करडईच्या तेलात लिनोलिक साधारण तीन-चतुर्थांश असतं, म्हणजे ज्या घरात ते रोज फोडणीत पडतं तिथे कमतरतेचा प्रश्नच येत नाही, आणि चट्टे आले म्हणून पोराचं तूप बंद करण्यातही काही अर्थ नाही.

लावायच्या तेलांत खोबरेल बरं ठरलंय. फिलिपिन्समधे इसबाच्या ११७ मुलांवर ८ आठवडे ट्रायल झाली, त्यात व्हर्जिन खोबरेल मिनरल ऑइलपेक्षा (पेट्रोलियमपासून काढलेल्या तेलापेक्षा) सरस निघालं. ऑलिव्ह ऑइलचं उलटं, त्यात ओलेइक अ‍ॅसिड जास्त, ते त्वचेचा थर सैल करतं. मोहरीचं तेल चुरचुरतं, ते इसबावर नकोच. शेंगदाणा तेलही टाळावं, फाटलेल्या कातडीतून प्रथिनं आत गेली तर अ‍ॅलर्जी तिथूनच सुरू होऊ शकते असं मानतात.

आयुर्वेदातलं शतधौत घृत वेगळंच प्रकरण आहे. तांब्याच्या परातीत तूप घेऊन पाणी घालून तळहाताने फेसत राहायचं, पाणी ओतून द्यायचं, परत नवं पाणी, असं शंभर वेळा. शेवटी कणी जाते, तुपाचा वास जवळजवळ जातो आणि पांढरंशुभ्र क्रीम उरतं. दाह, भाजणं यावर वापरतात, थंड लागतं हे खरं, पण इसबावर मोठ्या ट्रायलचा आधार त्याला नाही. आपल्याकडे कोकणात नि गोव्यात कोकमाचं तेल असतं, ते घट्ट असतं आणि मुख्यतः टाचांच्या भेगांनाच लावतात.

यातलं काहीही लावायचं तर अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, कारण तेल पाणी घालत नाही, असलेलं अडवतं. चट्टा लाल होऊन चिघळला असेल तर नुसत्या तेलाने भागत नाही, डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम लागतंच. आणि व्हॅसलीन किंवा पॅराफिनची मलमं चादरीत, गाऊनमधे मुरली की कपडा झटकन पेट घेतो, तेव्हा गॅस, देवाजवळचा दिवा, सिगरेट यांपासून लांब राहायचं, कपडा नुसता धुऊन मलमाचा अंश पूर्ण जाईलच असं नाही.