राजापूर लोकसभा मतदारसंघ

राजापूर हा तळकोकणातला लोकसभा मतदारसंघ १९५७ च्या निवडणुकीपासून २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत अस्तित्वात होता. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा आणि रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग त्यात मोडत असे. इथे १३ सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि खासदार झाले अवघे चार : बॅ. नाथ पै, प्रा. मधु दंडवते, सुधीर सावंत आणि सुरेश प्रभू. काँग्रेसला ही जागा एकदाच, १९९१ मध्ये, मिळाली. पक्षाचा डंका राज्यभर वाजत असतानाही राजापूरकरांनी पन्नास वर्षे आपला माणूस स्वतः पारखून घेतला, ही या मतदारसंघाची खरी ओळख.

१९५२ मध्ये राजापूर नावाचा मतदारसंघ नव्हता. रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण अशा दोन जागा होत्या व दोन्ही काँग्रेसकडे गेल्या होत्या. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत चित्र पालटले. वेंगुर्ल्यात जन्मलेले, बेळगावात वाढलेले नाथ पै प्रजासमाजवादी पक्षातर्फे निवडून आले. लाटेवर निवडून आलेले अनेक जण पुढे वाहून गेले. नाथ पै १९६२ आणि १९६७ लाही टिकले. तेव्हा घरटी एक माणूस मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत, आणि गावचा संसार मनिऑर्डरीवर अशी इथली स्थिती होती. पैशाच्या जोरावर निवडणूक लढवणे समाजवाद्यांना परवडणारे नव्हते. त्यांच्याकडे राष्ट्र सेवा दलातून घडलेले कार्यकर्ते होते आणि नाथ पैंचे वक्तृत्व होते.

संसदेतली त्यांची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे १९६७ चे घटनादुरुस्ती विधेयक. गोलकनाथ खटल्याच्या निकालाने मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार काढून घेतला होता. तो संसदेकडे परत यावा म्हणून त्यांनी हे खासगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही, पण १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने नेमकी तीच भूमिका स्वीकारली. ती पाहायला ते नव्हते. सीमाप्रश्नातील हुतात्म्यांना आदरांजली वाहण्यासाठी बेळगावला गेले असता १८ जानेवारी १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. लोकसभा आधीच विसर्जित झाली होती, त्यामुळे पोटनिवडणुकीचा प्रश्न आला नाही.

मार्चच्या निवडणुकीत पक्षाने मधु दंडवते यांना उभे केले. ते मूळचे नगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. इंदिरा लाटेत देशभरात प्रजासमाजवादी पक्षाचे दोनच खासदार निवडून आले, त्यांतले एक दंडवते. हा विजय धरून पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असे सलग पाच विजय त्यांच्या नावावर आहेत. यांतला १९८४ चा विजय सर्वांत अवघड म्हणावा लागेल. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. राजापूर त्या ४३ मध्ये नव्हते.

१९७७ ला दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात रुळाचा एक तुकडाही नव्हता. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीच्या फोमच्या गाद्या त्यांच्याच कारकिर्दीत आल्या आणि सामान्य माणसाचा रात्रीचा प्रवास सुसह्य झाला. कोकणचे रूळ पुढे १९९० मध्ये मार्गी लागले. दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि रोखे काढून पैसा उभा करायचे ठरले. सावंतवाडी, कुडाळ, कणकवलीची माणसे आज ज्या गाडीने गणपतीला घरी येतात, तिच्या मागे या निर्णयाचा मोठा वाटा आहे.

काम सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी दंडवते हरले. काँग्रेसचे सुधीर सावंत, सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी, निवडून आले. समाजवाद्यांची कार्यकर्त्यांची फळी तोवर वयस्कर झाली होती. मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी शिवसेनेकडे वळला होता आणि त्याच्यामागून गावही वळत होते. १९९० लाच नारायण राणे मालवणातून आमदार झाले होते. त्यामुळे १९९६ ला शिवसेनेने ही जागा घेतली यात नवल नाही. सनदी लेखापाल असलेले सुरेश प्रभू १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ असे चार वेळा निवडून आले. वाजपेयी सरकारात पर्यावरण, ऊर्जा अशी खाती त्यांनी सांभाळली. २०१४ ला तेही रेल्वेमंत्री झाले, पण लोकसभेतून नव्हे, राज्यसभेतून.

मतदारसंघ गेला तो लोकसंख्येमुळे. २००१ च्या जनगणनेच्या आधारे नवी आखणी झाली आणि स्थलांतराने रोडावलेल्या कोकणाच्या जागा घटल्या. विधानसभेतही सिंधुदुर्गच्या चारच्या तीन झाल्या. राजापूर आणि रत्नागिरी हे दोन्ही लोकसभा मतदारसंघ मोडून रत्नागिरी–सिंधुदुर्ग हा एक तयार झाला. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले. २००९ ला या नव्या मतदारसंघात काँग्रेसच्या निलेश राणे यांनी प्रभूंचा पराभव केला. राजापूर हे नाव आता त्यातल्या सहा विधानसभा मतदारसंघांपैकी एकापुरते उरले आहे.